डोक्यावरचं पाणी

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची दुपार. जेवण करून जरा आडवी झाले होते, तोच फोन वाजू लागला. चष्मा शोधेपर्यंत तो बंद पडला आणि पुन्हा वाजला. धाकट्याचा इंग्लंडहून व्हिडिओ कॉल. पण पडद्यावर तो नव्हता, नात होती, आणि तिच्या मागे विटांचा एक उंच मनोरा.

"आजी, ओळख बरं, आम्ही कुठे राहायला आलोय?"

"किल्ल्यावर?"

"नाही."

"चर्चमध्ये?"

"नाही गं! आम्ही पाण्याच्या टाकीत राहतोय!"

मग धाकट्याने फोन हातात घेतला. "टाकीत नाही, टाकीखाली. अगं आई, नॉरफोकमध्ये सँडरिंगहॅमजवळ ॲपलटन वॉटर टॉवर म्हणून आहे. जुनी पाण्याची टाकी, तिचं आता राहायचं घर केलंय. सुट्टीत भाड्याने देतात. तीन रात्रींसाठी घेतलंय. तुझी आठवण झाली म्हणून मुद्दाम हेच घेतलं बघ."

माझी आठवण का, हे आमच्या नातेवाइकांतल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. पण बाकीच्यांसाठी सांगते. माझ्या वयाच्या चौथ्या वर्षापासून बाराव्यापर्यंत, म्हणजे १९५४ ते १९६२, मी पाण्याच्या टाकीखालीच राहिले आहे. त्याचे कुणी पैसे घेत नव्हतं, आणि हौस म्हणूनही कुणी तिथे राहिलं नसतं.

बाबा रेल्वेत पंपड्रायव्हर होते. घाटापलीकडे, देशावर, एका लहानशा स्टेशनात. नाव मुद्दामच लिहीत नाही. त्या काळी त्या मार्गावर सगळी वाफेची इंजिनं. इंजिनाला कोळसा लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याहून जास्त त्याला पाणी लागतं हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. मोठ्या इंजिनाच्या टेंडरमध्ये वीस-पंचवीस हजार लिटर पाणी मावायचं आणि काही तासांच्या धावेत ते संपत यायचं. म्हणून ठरावीक अंतरावरच्या स्टेशनांत पाण्याची सोय. विहिरीतलं किंवा नदीतलं पाणी पंपाने उंच टाकीत चढवायचं आणि तिथून नळाने फलाटाच्या टोकाला आणायचं. फलाटाच्या टोकाचा तो नळ हत्तीच्या सोंडेसारखा. इंजिन येऊन उभं राहिलं की सोंड फिरवून टेंडरवर आणायची आणि पाणी सोडायचं.

टाकी उंचावर का? वर्गात मी मुलांना हे दोन पातेली आणि रबरी नळी घेऊन करून दाखवायची. पाण्याला वरून खाली यायला कुणी ढकलावं लागत नाही, त्याचं वजनच त्याला ढकलतं. दहा मीटर उंचीचं पाणी तळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब देतं. म्हणून पंप सावकाश दिवसभर चालला तरी चालतं, पण गाडी आली की पाणी धबधबा पडलं पाहिजे. आणि एवढं वजन वर पेलायचं तर खालचं बांधकाम भक्कम हवं. दाब सहन करायला वीट फार चांगली, म्हणून जुन्या टाक्यांच्या खाली विटांच्या नाहीतर दगडाच्या जाड भिंती असत आणि त्यांच्यावर लोखंडी टाकी. भिंतींच्या मधली जागा आपोआपच खोली व्हायची. कुठे तिथे सामान ठेवत, कुठे पंप बसवत. आमच्या स्टेशनात क्वार्टर कमी होती, म्हणून ती खोली आम्हाला मिळाली.

एकच खोली, पण भिंती हातभर रुंदीच्या. खिडकी म्हणजे जवळजवळ बोगदाच. तिच्यात मी पाय पसरून बसायची आणि पाढे म्हणायची. उन्हाळ्यात बाहेर अंग भाजून निघत असताना आमच्या खोलीत माठासारखा गारवा. पावसाळ्यात मात्र कपडे वाळत नसत आणि डाळ-तांदळाला वास यायचा. रात्री वर पाणी भरत असताना एक घुमणारा आवाज येई. मला तो अंगाईसारखा वाटायचा. टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटला साखळी बांधलेली होती आणि तिचं दुसरं टोक बाहेर एका पट्टीवर काटा म्हणून लोंबत असायचं. गंमत अशी की पाणी वर चढलं की काटा खाली यायचा. शाळेत जायच्या आधी बाबा मला विचारायचे, "काटा खाली म्हणजे?" मी म्हणायची, "टाकी भरली." उलटं वाचायला मी फार लहानपणी शिकले.

आता खरी गोष्ट.

डोक्यावर एवढं हजारो लिटर पाणी आणि आमच्या खोलीत नळ नव्हता.

आई पाणी विहिरीवरून आणायची. विहीर लाइनच्या पलीकडे, दीड मैलावर. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. परत येताना गाडी उभी असली तर ती पुढे सरकेपर्यंत ओझं घेऊन थांबायचं, कारण हंडा एकदा उतरवला की पुन्हा चढवून द्यायला कुणी नाही. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी एक. आणि पाणी आणून ठेवायचं कुठे, तर बरोबर टाकीखाली.

टाकीतलं पाणी प्यायचं नाही, हे तिला मान्य होतं. घरच्या बंबात जसा क्षारांचा पांढरा थर बसतो तसा बॉयलरमध्ये बसू नये म्हणून त्यात सोडा मिसळत. पण धुण्याभांड्यांना काय हरकत? ते ती बाबांना विचारायची. बाबांचं उत्तर ठरलेलं, "ते पाणी इंजिनाचं आहे." टाकीच्या नळाची किल्ली त्यांच्या पट्ट्याला असे आणि पाण्याची पातळी दर पाळीला नोंदवहीत लिहिलेली असे. बाबा खोटी नोंद करणाऱ्यातले नव्हते.

१९५९ चा उन्हाळा मला नीट आठवतो, कारण तेव्हा धाकटा भाऊ तान्हा होता आणि विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. दोराला दोर जोडून पोहरा सोडावा लागे आणि अर्धा गाळच वर येई. त्या दिवसांत आईच्या लक्षात आलं की टाकीच्या नळाचा एक सांधा ठिबकतोय. भिंतीच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा. तिने त्याखाली कळशी लावून ठेवली. रात्रभर टप टप आवाज येत राहिला आणि सकाळी कळशी भरलेली. एक खेप वाचली. त्या पाण्यात तिने बाळाचे लंगोट धुतले. चार-पाच रात्री असं चाललं. त्या दिवसांत आई सकाळी गुणगुणत असायची, हे मला पक्कं आठवतं.

मग एका सकाळी फिटर आला. मोठा पाना घेऊन त्याने सांधा आवळला, वर शेंदूर फासला आणि चहा पिऊन गेला. चहा आईनेच केला होता, विहिरीच्या पाण्याचा.

बाबांनी गळती कळवली होती. वहीत नोंद करून, सही करून. त्यांचं कामच होतं ते.

आई त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाही. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. ताट वाढून पुढे सरकवायची आणि पाठ फिरवून बसायची. आठव्या की नवव्या दिवशी बाबा पहाटेच उठले आणि हंडा घेऊन स्वतः विहिरीवर गेले. त्या काळात, त्या वस्तीत, पुरुषमाणसाने डोक्यावर हंडा घेऊन येणं ही हसण्याचीच गोष्ट. पॉइंटमन आणि गँगमन हसलेही. पुढे बाबांना जमेल तेव्हा ते जात राहिले. पण नळाला काही त्यांनी हात लावला नाही.

मी तेव्हा बाबांच्या बाजूची होते. पुढे मी शिक्षिका झाले आणि ही गोष्ट माझ्या पोतडीतली एक हुकमी गोष्ट झाली. मूल्यशिक्षणाचा तास असला की मी सांगायची. माझे वडील कसे प्रामाणिक होते, घरात पाण्याचा थेंब नसताना त्यांनी सरकारी पाण्याला हात लावला नाही, स्वतःच्या घराला मिळणारं ठिबकतं पाणीसुद्धा नोंद करून बंद करवलं. मुलं गप्प होऊन ऐकत. दरवर्षी एखाद-दोघांच्या निबंधात ती गोष्ट यायची आणि मला धन्य वाटायचं.

१९९३ साली एका तासाला मी ही गोष्ट संपवली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "यातून आपण काय शिकलो?" मागच्या बाकावर कातकरवाडीतली एक मुलगी बसायची. आमच्या कर्जत-खालापूर भागातली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ती मुलगीही दिवाळीनंतर दिसायची नाही, थेट जूनमध्ये उगवायची. त्यामुळे हजेरीत मागे, पाढ्यांत मागे. तिने हात वर केला. मला आश्चर्यच वाटलं.

"बाई, मंग तुमच्या आईनं पानी कुठनं आणलं?"

वर्ग हसला. मीही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण खरं सांगते, एवढ्या वर्षांत माझ्या गोष्टीत विहीर नव्हतीच. दीड मैल नव्हता, चुंबळ नव्हती, गाळ नव्हता. बाबांचा प्रामाणिकपणा होता, आणि तो कुणाच्या डोक्यावर उभा होता ते मी सांगतच नव्हते. स्वतः पाणी वाहून आणणाऱ्या मुलीला ते ऐकताक्षणी दिसलं.

आई तेव्हा आमच्याकडेच होती. बाबा १९८१ मध्ये गेले. यजमान खोपोलीला नोकरीला आणि मी इकडच्या शाळेत, म्हणून १९८७ मध्ये आम्ही पळसदरीला हे छोटं घर बांधलं आणि आईला घेऊन आलो. घरात पहिल्यांदा नळ सुरू केला तो दिवस मी विसरणार नाही. आईने मोरीतला नळ उघडला आणि पाण्याखाली हात धरून उभी राहिली. बराच वेळ. मी म्हटलं, "आई, वाया जातंय." ती म्हणाली, "जाऊ दे. ह्यांनी बघायला हवं होतं." मग नळ बंद केला आणि कळशी भरून कोपऱ्यात ठेवली. शेवटपर्यंत तिची ती एक भरलेली कळशी मोरीच्या कोपऱ्यात असायची. नळाचा काय भरवसा, म्हणायची.

त्या मुलीचा प्रश्न मी संध्याकाळी आईला सांगितला. म्हटलं, "कुठनं आणायचीस गं तू पाणी, तो सांधा आवळल्यावर?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठनं म्हणजे? आणलं."

असो.

धाकट्याचा फोन ठेवल्यावर त्या दुपारी काही झोप लागली नाही. मग त्याने पाठवलेली माहिती आणि फोटो बघत बसले, आणखीही थोडं वाचलं. ॲपलटनची टाकी १८७७ मधली. १८६१ साली व्हिक्टोरिया राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट गेले, ते टायफॉइडनेच असं तेव्हा मानलं गेलं. दहा वर्षांनी, १८७१ मध्ये, युवराज टायफॉइडने मरता मरता वाचला. दूषित पाण्यातून हा रोग होतो हे तोवर लोकांना पटू लागलं होतं. म्हणून सँडरिंगहॅमच्या राजवाड्यासाठी स्वच्छ पाण्याची ही सोय. वर बिडाची टाकी आणि खाली राखणदाराच्या कुटुंबाला राहायच्या खोल्या. म्हणजे ही टाकी 'घर' नंतर झाली असं नाही. पहिल्या दिवसापासून तिच्या खाली कुणीतरी चूल पेटवत होतं. चुलींचा धूर नेणारं धुराडं टाकीच्या मधोमध वर काढलंय, थंडीत पाणी गोठू नये म्हणून. राखणदाराच्या बायकोच्या स्वयंपाकाची ऊब राजवाड्याच्या पाण्याला. आणि त्यांच्या खोल्यांच्या वर राजघराण्यातल्या पाहुण्यांना बसून चहूकडचा मुलूख बघता यावा म्हणून आणखी एक खोली, तिला वेगळा जिना. एकाच मनोऱ्यात दोन जिने, म्हणजे वर जाणाऱ्यांची आणि खाली राहणाऱ्यांची गाठ पडायला नको. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या वाड्यांनाही मागचं दार होतंच.

त्याच १८७७ साली लंडनमध्ये लॅम्बेथच्या वर्कहाउससाठीही विटांचा एक पाण्याचा मनोरा बांधला गेला. वर्कहाउस म्हणजे निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणारी जागा. चार्ली चॅप्लिन लहानपणी आईबरोबर त्याच वर्कहाउसमध्ये होता. अलीकडे त्या मनोऱ्याचं आलिशान घर झालं, लिफ्ट बसवली, माथ्यावरच्या लोखंडी टाकीची खोली केली, आणि २०१२ मध्ये ते सगळं तिकडच्या टीव्हीवरही दाखवलं. राजपुत्राच्या पाण्याचा मनोरा आणि भिकाऱ्यांच्या पाण्याचा मनोरा, एकाच वर्षी. आणि आपल्याकडे तेच वर्ष १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाचं. देशावर माणसं आणि गुरं अन्नपाण्यावाचून मरत होती. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा दिल्ली दरबार १ जानेवारी १८७७ ला भरला होता. इतिहासाचा तास घेताना हे तिन्ही मी कधी एका फळ्यावर लिहिलं नव्हतं.

आणखी एक गंमत वाचली. सफोकमध्ये थॉर्पनेस गावी १९२३ साली बांधलेली टाकी आहे. उंच टाकी गावाच्या शोभेला बाधा आणील म्हणून तिलाच बाहेरून घराचं रूप दिलं. छप्पर, खिडक्या, सगळं खोटं. 'ढगातलं घर' म्हणतात तिला. खरी माणसं खालच्या उभट भागात राहायची आणि वरच्या सुंदर घरात पाणी. पुढे टाकी काढून वर खरी खोली केली. आमच्या टाकीखाली घर होतं आणि ते कुणाला घर वाटायचं नाही. तिथे टाकी होती आणि सगळ्यांना घर वाटायचं.

अशा इमारतीचं घर करणं सोपं नसणार. भिंती जाड, म्हणून खिडकी पाडणं म्हणजे दिव्य. जागा उभी, म्हणून अर्धं घर जिन्यातच जातं. सूनबाई सांगत होती, चष्मा वरच्या मजल्यावर विसरला की दिवसभर चष्म्याशिवाय राहायचं. पण त्या फोटोंत एक गोष्ट बघून मला बरं वाटलं. ही बांधकामं पाडली नाहीत. आमच्या स्टेशनातली ती टाकी मी पुढे पंचवीस वर्षांनी बघायला गेले तेव्हा तिथे नुसता चौथरा होता आणि त्यावर बकऱ्या बसलेल्या. वाफेची इंजिनं गेली, टाकीचं काम संपलं, तीही गेली.

पळसदरीला तरी पाण्याची ती खूण शिल्लक आहे. आमच्या गावचं धरण ब्रिटिशांच्या काळात रेल्वेसाठी बांधलेलं. १८५६ मध्ये रेल्वे कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीला पोचली. पुढे घाट. पुण्याला जाणारे खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर नाहीतर गाडीतून खंडाळ्याला चढत. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली होती, मधला घाट तेवढा बाकी होता. त्याचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ते काम पुढे नेलं. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली. सदतीस फुटांना एक फूट अशी चढण. ती चढताना इंजिनं किती पाणी पीत असतील! १९३० च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर वीज आली आणि मुख्य मार्गावरच्या इंजिनांची तहान संपली. धरण राहिलं. पावसाळ्यात आता ते बघायला मुंबईहून झुंडी येतात.

आणि तरीही एप्रिल-मेमध्ये आमच्या तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन चालताना दिसतात. चार महिने छत्री मिटता येत नाही असा आमचा पाऊस, पण डोंगरउतारावरून तो निघून जातो. फार्महाऊसांच्या गच्च्यांवर काळ्या टाक्या, काही ठिकाणी पोहायचे तलाव, आणि कुंपणाबाहेरच्या रस्त्याने हंडा. मला दर वेळी ते टाकीखालचं घर आठवतं.

निवृत्त झाल्यावर, २००९ मध्ये, मी आमच्या कुंपणाच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने एक नळ काढून घेतला. आईच्या नावाची पाटी वगैरे काही लावली नाही. फक्त नळ. शेजारचे म्हणाले, "बाई, उद्या दारात रांग लागेल." लागली. भांडणंही झाली. तीन वेळा कुणीतरी तोटी काढून नेली. मी सकाळी सात ते नऊ अशी वेळ ठरवून दिली, शिक्षिकेला दुसरं काय सुचणार! बरं चाललं होतं.

मग एका मे महिन्यात आमच्या बोअरचं पाणी खाली गेलं. मोटर पाच मिनिटं चालली की नुसती हवा. यजमान तेव्हा आजारी होते, अंथरुणावरच. त्यांचे कपडे, चादरी, रोजचं धुणं. मी बाहेरच्या नळाला कुलूप लावलं. पहिल्या सकाळी एक बाई दोन हंडे घेऊन आली. कुलपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, पाणी संपलं का?"

"संपलं," मी म्हणाले.

गच्चीवरची टाकी तेव्हा अर्धी भरलेली होती.

ती काही बोलली नाही. हंडे उचलून गेली. आणि मी ओट्यावर उभी राहिले, किल्ली कनवटीला खोचलेली. तेव्हा बाबांची फार आठवण झाली. तोवर मी त्यांना आधी देव समजले होते आणि त्या मुलीच्या प्रश्नानंतर थोडी त्यांच्यावर रागावलेही होते. त्या सकाळी प्रथमच कळलं की किल्ली ज्याच्याकडे असते त्यालाही रात्री ठिबकण्याचा आवाज ऐकू येत असणार. बाबांनी निदान वहीत खरं लिहिलं होतं. मी खोटं बोलले होते.

अकरा दिवस कुलूप होतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर काढलं. ती बाई पुन्हा यायला लागली, पण आधीसारख्या गप्पा मारत नाही. पाणी भरते आणि जाते. यजमान त्याच वर्षी गेले. आता मे महिना आला की मी आधीच सांगून टाकते, "बाई गं, या महिन्यात एकच हंडा देता येईल, मला तेवढंच परवडतंय." लोक एक हंडा घेऊन जातात. खरं सांगितलं की माणसं ऐकतात, हे मी चौतीस वर्षं शिकवलं. शिकले मात्र उशिरा.

तर त्या रविवारच्या फोनकडे परत येते. नातीने मला फोनवरून सगळं घर दाखवलं. हा जिना, ही झोपायची खोली, ही खिडकी, बघ आजी भिंत केवढी जाड! तिलाही त्या खिडकीत पाय पसरून बसता येत होतं. मग स्वयंपाकघर. मी म्हटलं, "थांब. मला नळ दाखव."

"कसला नळ?"

"स्वयंपाकघरातला. उघडून दाखव."

तिने फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने नळ उघडला. पाणी आलं. चांगलं जाडजूड धारेने, आवाज करत आलं. मी बघत राहिले.

"आजी, यात काय बघायचंय?"

"काही नाही गं," मी म्हणाले. "बंद कर आता. वाया जातंय."